नाळेवरचा चंद्र

१

रामू तांडेलच्या नव्या होडीवर कोणीतरी हिरवा चांद-तारा काढून ठेवला होता. तो कोणी काढला हे चिखल्याच्या किनाऱ्यावरच्या दीड-दोनशे माणसांनी एकमताने ठरवूनही टाकलं होतं. चहाला उकळी फुटायला लागतो तेवढाच वेळ त्यांना लागला होता.

बकुळाबाई राऊत आपल्या वाडीतली शहाळी रिक्षात घालून पूजेला आल्या, तेव्हा सव्वाआठ वाजले होते. कोजागिरीचा दिवस. उधाणाची भरती दुपारी साडेबाराला पूर्ण भरणार आणि त्या पाण्यावर होडी लोटायची, असं रामूने महिनाभर आधी ठरवलं होतं. ढोल ऐकू येईल म्हणून बाईंनी कान दिला, तर ऐकू आला तो पत्र्याचे डबे वाळूवर आदळल्याचा आवाज. सुरूच्या झाडांखाली कासम रंगाऱ्याची शेड होती. मंडळाची पोरं तिच्यातून एकेक डबा उचलून बाहेर फेकत होती आणि कासम बाजूला हात जोडून उभा होता.

कासम डहाणू गावातला. गेली तीस वर्षं या किनाऱ्यावरची एकूणएक होडी त्याच्याच हाताने रंगली होती. पट्टे, नाव, नंबर, आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या अगदी पुढच्या टोकावर, लाल स्वस्तिक. त्याच्या स्वस्तिकाशिवाय होडी पाण्यात जात नसे.

बाईंनी शहाळी तिथेच टाकली. चाळीस वर्षं त्यांनी हायस्कुलात चित्रकला शिकवली होती. या पोरांपैकी निम्म्यांचे कान त्यांच्या चिमटीत येऊन गेले होते.

"खाली ठेव तो डबा," त्या ओरडल्या. "फेकू नकोस, ठेव."

डबा खाली ठेवला गेला. मंडळाचा अध्यक्ष जिग्नेश पुढे आला. "बाई, तुम्ही मध्ये पडू नका. नाळेवर जाऊन बघा आधी. गावाने ठरवलंय, भरती लागायच्या आत शेड खाली करायची. जागा गावाची आहे."

"त्याला काढताना कोणी पाहिलं?"

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "पाहायला कशाला पाहिजे? चंद्र कोणाचा ते शेंबडं पोरही सांगेल."

बाई भडकल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे त्यांनी ऐकलं होतं. पण इथे चोर शोधायची तसदीसुद्धा कोणी घेतली नव्हती. त्या थेट रामूकडे गेल्या. साठीचा, भला माणूस. पण आज त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"रामू, बारा वाजेपर्यंत मला वेळ दे. तोवर त्या शेडला कोणी हात लावायचा नाही. बारानंतर तुला हवं ते कर."

"आणि बाई, त्यानेच केलं असेल तर?"

"तर पहिला डबा मी फेकीन."

२

होडी ठोकळ्यांवर उभी होती. बाई स्टुलावर चढल्या.

नाळेवर कासमचं लाल स्वस्तिक होतं, चार बाहूंच्या कुशीत चार ठिपके. त्याची वरची बाजू कशानेतरी पुसून फराटली होती आणि रॉकेलचा वास येत होता. त्या फराट्याच्या वर हिरवी चंद्रकोर. ती पाठीवर निजलेली, दोन्ही टोकं आभाळाकडे. कोरीच्या बरोबर मधोमध पाच टोकांचा तारा.

बाईंनी ताऱ्यावर अंगठा टेकवला. अंगठा हिरवा झाला. रंग अजून चिकट होता, म्हणजे तो आज पहाटेचा होता.

"कासम, काल कधी निघालास?"

"सहाला, बाई. स्वस्तिक पुरं केलं, रामूभाऊंनी मोबाइलवर फोटो काढला, मी शेडला कुलूप लावलं. हिरव्याचा डबा आणि रॉकेलची बाटली होडीखालीच ठेवली. पट्ट्याला सकाळी दुसरा हात द्यायचा होता. सातला आलो तर ही गर्दी."

म्हणजे डबा रात्रभर उघड्यावर होता. कोणीही उचलला असता.

"हा चंद्र तुझा?"

कासम त्या अवस्थेतही दुखावल्यासारखा दिसला. "बाई, दर्ग्याची कमान मीच रंगवलीय. माझा चंद्र उभा असतो, झेंड्यावर असतो तसा. हा झोपलाय. आणि ही कोर बघा, कडा कशी गेलीय. ब्रशने नाही काढलेली ही. बोटाने काढून वरून ब्रश फिरवलाय."

"हे तुझे बहाणे," मागून जिग्नेश म्हणाला. "चांद-तारा मुसलमानांचाच ना?"

झालं. बाई स्टुलावरूनच वळल्या.

"कोणी सांगितलं तुला? तुर्की बादशहांच्या झेंड्यावरून तो जगभर गेला, म्हणून आज मशिदीवर दिसतो. त्याआधी शेकडो वर्षं इराणच्या अग्निपूजक राजांनी तो नाण्यांवर पाडला. शंकराच्या जटेत काय आहे? तिथे जाऊन त्याला शेड खाली करायला सांगशील? आणि तुझं ते स्वस्तिक! हिंदूंचं आहे, बौद्धांचं आहे, जैनांचं आहे आणि सातासमुद्रापलीकडच्या जुन्या मडक्यांवरसुद्धा आहे. खूण म्हणजे काही सातबारा नाही, एकाच्याच नावावर असायला."

"बाई, शाळा सुटली आता," कोणीतरी हळूच म्हणालं आणि दोघं-तिघं हसले.

बाईंनी हसणाऱ्यांचे चेहरे लक्षात ठेवले. मग रामूचा मोबाइल मागून कालचा फोटो पाहिला. स्वच्छ स्वस्तिक, वर कोरी फळी. काही नाही.

३

बाईंचा पहिला संशय जिग्नेशवर होता, आणि तो लपवण्याची त्यांना गरजही वाटली नाही. शेडच्या जागेवर पर्यटकांसाठी तंबू लावायचे म्हणून तो वर्षभर ग्रामपंचायतीचे उंबरे झिजवत होता.

"पहाटे कुठे होतास?"

"डहाणू रोडला, फुलं आणायला. चारला निघालो, सातला आलो."

"साक्षीदार?"

"मी," रामू म्हणाला. "मीच होतो बाई त्याच्याबरोबर. टेम्पोत."

बाई चडफडल्या. ज्याच्या मनात काळं होतं त्याचे हात स्वच्छ निघाले होते. आपण तरी वेगळं काय केलं, असं त्यांना क्षणभर वाटलं. तोंडवळ्यावरून माणूस धरला. ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

रामूची बायको पुतळी ओटीवर नारळ सोलत होती. "मी पाचला उठले. सूनबाईंची आंघोळ तेव्हा झालेली. त्यांचं आपलं लवकर असतं, पूजापाठ असतो. धर्मेश सहाला दर्यावर गेला, होडीकडे. अर्ध्या तासाने त्याची आरोळी ऐकली."

म्हणजे पहिल्यांदा पाहिलं ते रामूच्या मुलाने. धर्मेश होडीच्या सावलीत बसला होता. तिशीचा, धिप्पाड, डोळे लाल.

"साडेसहाला पाहिलं बाई, आत्ता आहे तसंच. अंगाची लाही लाही झाली. दहा वर्षं बाबा दुसऱ्याच्या होडीवर राबले, तेव्हा ही होडी झाली. आणि या माणसाने… आमच्या घरचं पाणी प्यायलाय तो. नुसता चांद काढून गप्प बसला नाही, बाई. आमच्या स्वस्तिकाचे तीन ठिपके होते वर, तेसुद्धा रॉकेल लावून पुसले. एवढा द्वेष!"

त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता. बाईंना त्याची दया आली. हा पोरगा नाटक करत नाही, एवढं त्यांना पक्कं कळलं.

त्या पुन्हा स्टुलावर चढल्या आणि नखाने कोरीची कड खरवडली. कोऱ्या फळीवर रंग घट्ट बसायला हवा होता. इथे हिरवी साय हलकेच सरकली आणि तिच्याखाली पिवळं दिसलं. त्यांनी नख नाकाशी नेलं.

चंदन. चंदन आणि केशर.

मासळी सुकवणाऱ्या या पाड्यात हळद मिळेल, कुंकू मिळेल, गुलाल मिळेल. पण केशर घालून चंदन उगाळणारं घर एकही नव्हतं. बाई तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी मान वळवली, तेव्हा रामूच्या घराच्या खिडकीतून त्यांच्याकडे पाहणारं कोणीतरी झटकन मागे सरलं.

४

दिशा रामूची सून. माहेर मसोलीचं, वडिलांचं डहाणू रोडला कापडाचं दुकान. जैनांची मुलगी मासेमाऱ्याच्या घरात गेली म्हणून भाऊ ऋषभने दोन वर्षांत तिचा फोन उचलला नव्हता. इथे पुतळीने तिला वेगळी शेगडी आणि वेगळी भांडी दिली होती. त्यापलीकडे कोणी काही विचारलं नव्हतं आणि तिने काही सांगितलं नव्हतं.

बाई आत गेल्या तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. कोपऱ्यात छोटासा पाट, त्यावर सकाळच्या पूजेचे तांदूळ अजून तसेच मांडलेले.

तांदळाचं स्वस्तिक होतं. त्याच्यावर तांदळाच्या तीन ढिगल्या. त्यांच्याही वर पाठीवर निजलेली चंद्रकोर, आणि कोरीच्या मधोमध एक ढिगली.

बाई पाटासमोर खाली बसल्या. चाळीस वर्षं चित्रकला शिकवली आणि हे ओळखायला आपल्याला चंदनाचा वास घ्यावा लागला!

"तूच काढलंस ना होडीवर?"

दिशाचे डोळे भरले. "आमच्यात स्वस्तिकाला साथियो म्हणतात, बाई. चार पाकळ्या म्हणजे चार जन्म, देवाचा, माणसाचा, प्राण्याचा, नरकाचा. वर तीन बिंदू, चांगली श्रद्धा, चांगलं ज्ञान, चांगलं वागणं. आणि चांद म्हणजे सिद्धशिला, सुटलेल्या आत्म्यांची जागा. तो वरचा बिंदू म्हणजे ते आत्मे. खाली साथियो होताच कासमचाचांचा. मला वाटलं, वरचं आपण पूर्ण करू. हे लोक दर्यावर जातात, परत यायला पाहिजेत ना… पाच वाजता चंदन घेऊन गेले आणि बोटाने काढलं."

"आणि हिरवा रंग?"

"नाही बाई! रंगाला मी हात नाही लावला. साथियो पुसायला माझा हात उठेल का? मी आरोळी ऐकून बाहेर आले तर माझं सगळं हिरवं झालेलं."

"मग सकाळपासून गप्प का?"

"घाबरले. म्हणतील, मासे खात नाही, आता होडीवरही स्वतःचा देव चढवला. मला वाटलं, ओरडून ओरडून लोक घरी जातील."

"घरी जातील?" बाई कडाडल्या. "बाहेर एका माणसाचं तीस वर्षांचं पोट वाळूवर फेकतायत आणि तू खिडकीतून बघतेस?"

दिशा रडू लागली. बाईंनी तिला रडू दिलं. घड्याळात अकरा वाजून गेले होते. चंद्र कोणाचा ते कळलं होतं. त्या बिंदूचा तारा कोणी केला ते कळायचं होतं. पाटावरच्या तांदळाकडे बघता बघता त्यांच्या अंगावर काटा आला, कारण तेही त्यांना कोणीतरी सांगून टाकलं होतं. त्यांनीच ते नीट ऐकलं नव्हतं.

५

पावणेबाराला बाईंनी सगळ्यांना होडीपाशी उभं केलं. पाणी ठोकळ्यांपासून वीसेक पावलांवर आलं होतं.

"रामू, कालचा फोटो सगळ्यांना दाखव. स्वस्तिकाच्या वर काय आहे?"

मोबाइल हातोहात फिरला. "काही नाही," लोक म्हणाले.

"ओळीने उभ्या असलेल्या तुमच्या होड्या बघा. कासम ठिपके किती काढतो आणि कुठे?"

"चार. आत, बाहूंमध्ये."

"वर तीन काढतो का कधी?"

"नाही."

"मग आज पहाटे स्वस्तिकाच्या वर तीन ठिपके आले कुठून? आले, आणि साडेसहाच्या आत पुसलेही गेले. जिने काढले तिने ते पाहिले. आणि ज्याने पुसले त्याने. तिसऱ्या माणसाला ते ठाऊक असायचं कारणच नाही." बाई वळल्या. "धर्मेश, तू साडेसहाला आलास तेव्हा सगळं आत्ता आहे तसंच होतं, असं म्हणालास. मग तीन ठिपके पुसले गेल्याचं तुला कसं कळलं?"

गर्दी धर्मेशपासून जराशी मागे सरकली, मघाशी कासमपासून सरकली होती तशीच.

"बोल," रामू म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"मी सहाला आलो तेव्हा… चांद होता. पिवळा. मध्ये ठिपका. मला वाटलं यानेच काढला, दुसरं कोण काढणार? आईशप्पथ मला तसंच वाटलं! पण नीट दिसत नव्हतं. बाबा म्हणाले असते, असेल काहीतरी, जाऊ दे. ते त्याला नेहमीच सोडतात. म्हणून मी फक्त… नीट दिसेल असं केलं."

"हिरवा केलास."

"हो."

"ठिपक्याचा तारा केलास."

"हो."

"आणि ते तीन ठिपके?"

"चांद-ताऱ्यात तीन ठिपके कुठे असतात? कोणी विचारलं असतं. म्हणून पुसले. रॉकेल खाली ओघळलं, स्वस्तिक फराटलं. ते मी मुद्दाम नाही केलं."

"म्हणजे पुरावा तुझ्या गोष्टीत बसेना, म्हणून पुरावाच पुसलास!" बाईंचा आवाज चढला होता, आणि तो आवरण्याची त्यांना इच्छाही नव्हती. "देवाची खूण तू पुसलीस, आणि देवाच्या अपमानाबद्दल माणूस हाकलायला निघालास. खोटं आहे हे ठाऊक असून केलं असतंस, तर एक वेळ समजलं असतं. तुला ते खरं वाटत होतं, आणि तरी तू त्यात भर घातलीस!"

"मग तो चांद काढला कोणी?" जिग्नेशने विचारलं. त्याची छाती मघाएवढी पुढे नव्हती.

"मी," दिशा म्हणाली.

ती पाट घेऊन बाहेर आली होती. तांदूळ सांडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी सपाट धरून. तिने तो नवऱ्यासमोर धरला.

"दोन वर्षं रोज हे मांडते. रोज सकाळी. तुमची चहाची कपबशी याच्या शेजारी ठेवते. तुम्ही एकदा तरी खाली बघितलं असतं तर ओळखलं असतं."

धर्मेशने पाटाकडे पाहिलं. मग नाळेकडे.

६

त्यानंतर जे झालं त्याने बाईंचा संताप उतरण्याऐवजी चढला. जमावाला एकदम घाई झाली. "चला, झालं गेलं. गैरसमज होता. कासमभाई, उचला ब्रश, पंधरा मिनिटांत स्वस्तिक होईल, भरती निघून जाईल." जिग्नेशनेच त्याच्या खांद्यावर हात टाकला. माफ कर हे शब्द दोनशे तोंडांतल्या एकालाही सुचले नाहीत.

"आधी डबे!" बाई गरजल्या. "ज्याने जो फेकला त्याने तो उचलून शेडमध्ये ठेवायचा. मी बघतेय."

डबे उचलले गेले. धर्मेश सगळ्यांत शेवटी आला, सांडलेल्या लाल रंगाचा डबा घेऊन, आणि कासमच्या पायाशी वाकला. कासमने त्याला अर्ध्यातच धरलं.

"असू दे, पोरा." मग तो रामूकडे वळला. "रामूभाऊ, पट्टा मारून देतो. नाव लिहून देतो. पण यापुढे मी खूण काढणार नाही. तुमचीही नाही, कोणाचीच नाही."

"अरे कासम, तू निर्दोष आहेस हे ठरलंय," बाई म्हणाल्या. "आता कसली भीती?"

"बाई, तुम्हाला राग आला, तुम्ही भांडलात, अल्ला तुमचं भलं करो. मी सातपासून हात जोडून उभा होतो. हे हात आता तिथे कापतील."



सव्वाबारा. पाणी ठोकळ्यांना लागलं. रामूने फळी पुसून घेतली, लाल रंगात ब्रश बुडवला आणि तो स्वतः स्टुलावर चढला. उभी रेघ मारली. आडवी मारली. मग त्याचा हात थांबला. ब्रशवरून थेंब ओघळून मनगटावर आला, तरी हात पुढे जाईना. त्याने खाली बघितलं. जिग्नेशने मान खाली घातली. मंडळाची पोरं एकमेकांकडे बघू लागली, एकाने हवेत बोट फिरवून पाहिलं आणि मध्येच थांबला. तीस वर्षं प्रत्येकाच्या होडीवर ही खूण होती, आणि तीस वर्षं ती दुसऱ्याच्या हातून आली होती.

बाईंना सांगता आलं असतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

रामूने शेडकडे तोंड वळवलं. म्हातारा, भर गर्दीत, ब्रश वर धरून ओरडला, "कासम! कुठल्या बाजूला वळतं रे हे?"

कासम दारातच बसला होता. त्याने डोळे चोळले.

"उजवीकडे," तो म्हणाला. "उजवीकडे वळव, रामूभाऊ. आणि वर सूनबाईंसाठी जागा सोड."